कासार गल्ली बंद होती तेव्हा

पत्र्याच्या पलीकडून हर्षालीचा आवाज आला, "बाई, आज शाळा आहे का?"

"आहे," मी म्हणाले.

"मग आम्ही कुठून यायचं?"

पत्रा माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच होता. दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंतींना तो तारेने आवळला होता. खालच्या फटीतून मुलांचे पाय तेवढे दिसत होते. मी वाकून मोजले. बावीस पाय होते, म्हणजे अकराही जण आले होते.

"तिथेच थांबा. मी बघते."

"बाई, इथे मोठ्ठा खड्डा केलाय. गण्याने त्यात खडा टाकला तर आवाजच आला नाही."

"गणेशला म्हणावं, आता खडे टाकायचे नाहीत."

माझी शाळा म्हणजे नगरपालिकेची शाळा क्रमांक नऊ. दोन खोल्या, एक व्हरांडा, दोन शिक्षक आणि तेवीस मुलं. बारा मुलं अलीकडच्या वस्तीतली आणि अकरा पलीकडच्या भोईवाड्यातली. मधे कासार गल्ली. एरवी ती ओलांडायला मुलांना पाच मिनिटं लागत. त्या सप्टेंबरात भुयारी गटाराचं काम आलं आणि गल्लीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पंधरा फूट खोल खड्डा पडला. गल्ली सोडून दुसरी वाट होती ती बायपासची. नाल्याच्या पुलावरून, मालट्रकांच्या कडेने, तीन किलोमीटर.

इंगळे सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान होते आणि माझ्याहून लवकर घाबरत. ते मागून आले आणि हळूच म्हणाले, "बाई, महिनाअखेर पटपडताळणी आहे."

मला ते माहीत होतं. बाहेरच्या तालुक्यातलं पथक येणार, वर्गात बसलेली मुलं मोजणार, मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावणार. वीसच्या खाली डोकी भरली तर शाळा बंद आणि मुलं दुसऱ्या शाळेत. दीड महिना बायपासवरून मुलं पाठवायला भोईवाड्यातलं कोणी तयार झालं नसतं. त्यांनी सरळ पलीकडच्या तीन नंबरच्या शाळेत नावं घातली असती. तेवीसमधून अकरा गेले की बारा उरतात, ही वजाबाकी पहिलीतल्या मुलालाही आली असती.

पत्र्यावर आदेशाची प्रत चिकटवली होती. मी चष्मा लावून ती वाचली. मग पुन्हा वाचली.

नगरपालिकेचे कनिष्ठ अभियंता बेडसे अकरा वाजता मोटारसायकलवरून आले. तिशीही न गाठलेला, हसतमुख माणूस. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाई, तुमची अडचण कळते. पण रस्ता मी बंद केलेला नाही. मुख्याधिकारी साहेबांचा आदेश आहे, पोलिसांची संमती आहे. सार्वजनिक कामासाठी ठरावीक मुदतीपुरता रस्ता बंद ठेवायचा अधिकार कायद्यानेच दिलेला असतो."

"अधिकार आहेच," मी म्हणाले. "मी त्याबद्दल काही म्हणत नाही. तुम्ही हा आदेश वाचलात का?"

"वाचला की. मसुदा आमच्याच ऑफिसचा आहे."

"मग एवढा चौथा मुद्दा वाचून दाखवता का? माझा चष्मा जुना झालाय."

माझ्या चष्म्याला काही झालं नव्हतं. बेडसे पत्र्याजवळ गेले आणि वाचू लागले. "सदर रस्ता सर्व प्रकारच्या वाहनांच्या रहदारीस बंद राहील. तथापि..." ते थांबले.

"पुढे वाचा."

"तथापि पादचाऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी किमान तीन फूट रुंदीची सुरक्षित वाट मोकळी ठेवणे ठेकेदारावर बंधनकारक राहील."

"म्हणजे काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा अशा सुरात त्यांना पुष्कळ वर्षांत कोणी प्रश्न विचारला नव्हता. "म्हणजे... चालणाऱ्यांना बंद नाही."

"शाबास."

बाजूला उभे असलेले मुकादम रमजानभाई हसले. खड्ड्याचं काम त्यांच्या हाताखाली चाललं होतं. ते म्हणाले, "साहेब, सगळ्या आदेशांत ते वाक्य असतं. आजवर कोणी वाचलं नव्हतं. आम्ही गावोगाव पत्रे ठोकतो, लोक शिव्या देतात आणि वळसा घालून जातात."

"हे बघा बाई," बेडसे म्हणाले, "मी उद्या प्रस्ताव टाकला तर आठ दिवसांत पादचाऱ्यांनाही बंदीचा सुधारित आदेश निघेल. धोका दाखवून तोही अधिकार वापरता येतो."

"वापरा. पण आठ दिवस वाट द्यावी लागेल. आणि आठ दिवस देता येते, तर पुढेही देता येईल."

"तुम्ही भांडायलाच आलाय."

"भांडायला आले असते तर भोईवाड्यातल्या बायकांना घेऊन आले असते. त्या चण्याच्या भट्टीवरून उठून आल्या की फार बोलतात."

बेडसे खड्ड्याच्या कडेपर्यंत जाऊन आले. मग त्यांनी रमजानभाईंना विचारलं, "कडेने फळ्या टाकता येतील?"

"टाकू की. सागाच्या दोन जाड फळ्या आहेत. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला दोर. पण मशीन चालू असताना नाही."

शेवटी असं ठरलं. सकाळी सव्वादहा आणि संध्याकाळी पाच, दोन्ही वेळा दहा मिनिटं मशीन थांबेल. मुलं एकेक करून फळीवरून येतील आणि मी स्वतः पलीकडे जाऊन त्यांना आणीन. बेडसेंनी आदेशाच्या प्रतीमागेच ते लिहिलं. खाली लिहिलं, 'मुख्याध्यापिकांच्या जबाबदारीवर'. मी सही केली.

त्या दिवशी मुलं शाळेत आली तेव्हा साडेबारा वाजले होते. मी त्यांना एकच नियम सांगितला, "बाई पलीकडे आल्याशिवाय फळीवर पाय ठेवायचा नाही. कोणीही बोलावलं तरी नाही."

"नगराध्यक्षांनी बोलावलं तर?" गणेशने विचारलं.

"तरी नाही."

"बाई, आणि तुम्हीच अलीकडून हाक मारली तर?"

"तरीसुद्धा नाही. मी पलीकडे आले पाहिजे."

त्यांनी तो नियम पाळला. एकदा हर्षालीची आई राधाबाई तिला घाईने पुढे ढकलत होती. बाई पलीकडे यायच्या आहेत म्हणून ती पोर रस्त्यावर बसून राहिली. राधाबाई नंतर मला म्हणाल्या, "घरात माझं एक ऐकत नाही, तुमचं बरं ऐकते."

"तुम्ही एकच गोष्ट सांगून बघा," मी म्हणाले. "तुम्ही एका वेळी दहा सांगता."

असे तीन आठवडे गेले. बेडसेंचा सुधारित आदेश काही निघाला नाही. त्यांनी प्रस्तावच टाकला नव्हता, हे मला पुढे कळलं. मुलांना फळीची सवय झाली. मी पलीकडच्या टोकाला उभी राहायची आणि मूल चालताना त्याच्या पावलांकडे बघायची. दुसरीकडे बघायला वेळ नसायचा.

पडताळणीचा दिवस सोमवार होता. पथक अकराला येणार, बाराला मोजणी बंद. इंगळे सरांनी व्हरांडा धुऊन घेतला होता, हजेरीला नवं वेष्टन घातलं होतं. मी नेहमीसारखी सव्वादहाला गल्लीत गेले.

मशीन थांबलेलं होतं. पाइपांची गाडी यायची होती म्हणून खड्ड्यात कोणी नव्हतं. पलीकडे अकराही मुलं धुतलेल्या कपड्यांत रांगेत उभी होती. पोरींच्या वेण्या तेलाने चमकत होत्या. मागे पाचसहा आया होत्या. शाई लावायची गोष्ट भोईवाड्यात सगळ्यांना माहीत झाली होती.

मी फळीवरून निघाले. आदल्या दिवशी नळाची पाइपलाइन फुटली होती आणि पलीकडची काळी माती ओली होती. पाय घसरू नये म्हणून त्या दिवशी मी खाली बघत चालले. फळीचं टोक ज्या मातीवर टेकलं होतं, तिच्यात एक भेग होती. खड्ड्याच्या कडेला समांतर, दोन हात लांब. पलीकडे उतरल्यावर मी खाली बसले आणि भेगेत करंगळी घातली. ती दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली.

"रमजानभाई," मी हाक मारली.

ते अलीकडच्या कडेला बिडी ओढत बसले होते.

"ही भेग कधी पडली?"

"कुठली? ती होय? ती शुक्रवारपासून आहे बाई."

"शुक्रवारी एवढीच होती?"

"मोजली नाही. काळी माती आहे, ती तडकतेच. वाळली की तडकते, भिजली की फुगते. खाली मुरूम आहे, घट्ट आहे."

शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दोन वेळा मी तिच्यावरून मुलं नेली होती.

"ही कड खचेल का?"

त्यांनी बिडी विझवली, उठून नीट पाहिलं. "मला विचाराल तर नाही खचायची. पण आतलं कोणाला दिसतं?"

"बेडसे साहेब कुठे आहेत?"

"जिल्ह्याला मीटिंगला. फोन सकाळपासून बंद."

मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पंचवीस मिनिटं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. हर्षालीने रांगेतून विचारलं, "बाई, पहिलं कोण?"

"कोणी नाही. दोन पावलं मागे सरा सगळे."

राधाबाई पुढे आल्या. "काय झालं बाई?"

मी त्यांना भेग दाखवली. त्यांनी वाकून बघितली आणि सरळ झाल्या. "एवढीशी?"

"आज इथून मुलं न्यायची नाहीत."

"आज? आज तर मोजायला येणारेत ना?"

"येणारेत."

"मग आज कसं चालेल? तुम्हीच सांगितलं, आज एक पोर कमी पडलं तरी चालणार नाही. मी पोरीला ताप होता तरी उठवून आणलंय."

रमजानभाई अलीकडच्या कडेवरून म्हणाले, "बाई, असं करू. मी आणि माझे दोन गडी फळीवर उभे राहतो. पोरं उचलून हातोहात देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"तीन माणसांचं वजन फळीवर येईल."

"मग मी एकटा."

"नको."

"राधाबाई, तुम्ही तरी सांगा त्यांना."

राधाबाईंनी आवाज चढवला नाही. त्या मऊपणे बोलल्या, आणि त्यामुळे मला उत्तर देणं जड गेलं. "बाई, तीन आठवडे पोरं रोज जातात. तुम्ही कागद दाखवून, साहेबाला खाली बघायला लावून हा रस्ता उघडला. आता साहेब बंद म्हणत नाही, मुकादम बंद म्हणत नाही. मग बंद करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"मग?"

"मी त्यांना नेणार नाही. आणि मी नेल्याशिवाय ती जाणार नाहीत."

राधाबाईंनी मुलीकडे पाहिलं. "हर्षा, चल गं. मी धरते हात."

हर्षाली हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली नाही. ती तिथेच उभी राहिली.

मी इंगळे सरांना फोन लावला. "मी मुलांना घेऊन बायपासने येतेय. पथक आलं तर थांबवून ठेवा."

"बायपासने? बाई, दीड तास लागेल. आज बाजार आहे, रिक्षासुद्धा मिळणार नाही."

"माहीत आहे. चहा द्या, फराळ द्या. काहीही करून बारापर्यंत थांबवा."

आम्ही निघालो तेव्हा साडेदहा झाले होते. दोन आया बरोबर आल्या. राधाबाई आल्या नाहीत. मुलांच्या जोड्या लावल्या, मोठ्याने लहान्याचा हात धरायचा. सगळ्यात लहान यश पहिलीतला होता, तो माझ्याजवळ. नाल्याच्या पुलापर्यंत मुलं भराभर चालली. त्यांना सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं. गणेशने विचारलं, "बाई, ट्रकला चाकं किती असतात?" मी म्हटलं, "मोज." मग सगळेच चाकं मोजायला लागले. सहा, दहा, एकाला चौदा निघाली. दहा चाकांचे पाच ट्रक गेले तर चाकं किती, असं मी विचारलं आणि तिघांनी बरोबर सांगितलं. रस्त्याला कडेची वाट नव्हती. ट्रक आला की आम्ही मुरुमावर उतरायचो आणि तो जाईपर्यंत उभं राहायचो. तो वेळ मी धरला नव्हता.

दोन रिक्षांना हात केला. दोन्ही कोंबड्यांच्या खुराड्यांनी आणि माणसांनी भरलेल्या होत्या. एक काळी-पिवळी जीप थांबली. तिच्यात चार जागा होत्या. चार मुलं पुढे पाठवावीत असं मनात आलं, पण त्याने काही साधणार नव्हतं. बारा आणि चार सोळाच. वीसला आठ हवी होती. मी ड्रायव्हरला जायला सांगितलं.

सव्वाअकराला यश थकला. मी त्याला कडेवर घेतलं. त्याच सुमारास फोन वाजला.

"बाई, साहेब आलेत," इंगळे सर कुजबुजले. "मोजणी झाली. बारा."

"त्यांच्याकडे द्या."

अधिकाऱ्यांचा आवाज वयस्कर होता. "नमस्कार बाई. कुठे आहात?"

"नाल्याच्या पुलाच्या पुढे. अकरा मुलं माझ्याबरोबर चालताहेत. साडेबारापर्यंत पोचू."

"मला बाराला फॉर्म बंद करून सही करायची आहे. पुढे अजून चार शाळा आहेत."

"पटावरची खरी मुलं आहेत साहेब. रस्ता बंद असल्यामुळे..."

"तुमच्या सरांनी सांगितलं. मी खोटं समजत नाही. पण मोजणीच्या वेळेत वर्गात नसेल ते मूल नाही, असंच धरायचं आहे."

"आदेशात काही सवलत?"

"नाही. पाचवा मुद्दा तोच आहे. वाचून दाखवू का?"

"नको," मी म्हणाले.

ते म्हणाले, "बारा वाजेपर्यंत बसतो मी. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. दारात जीपच्या चाकांच्या खुणा होत्या. वर्गातली बारा मुलं आपापली बोटं एकमेकांना दाखवत होती. भोईवाड्याची अकरा मुलं बाकांवर जाऊन बसली आणि न सांगता त्यांनी उजवा हात पुढे केला. इंगळे सर खिडकीकडे वळून उभे राहिले.

"साहेब गेले," मी मुलांना सांगितलं. "हात खाली घ्या. पाणी प्या आणि पुस्तकं काढा."

"मग आमची शाई?" यशने विचारलं.

"तुमची राहिली."

दुसऱ्या दिवशी बेडसे आले. त्यांनी वाकून भेग पाहिली, फळ्या काढायला लावल्या आणि पत्रा पुन्हा लावला. पुढचे बारा दिवस मी मुलांना बायपासने आणलं आणि नेलं. पहाटे उठून डबा करायचा, साडेआठला भोईवाड्यात पोचायचं. राधाबाई मुलीला दारातूनच पाठवायच्या. माझ्याशी बोलायच्या नाहीत.

खड्डा बुजवला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. भेग होती तशीच होती. ना वाढली होती, ना मिटली होती. पोकलेनने मातीचा शेवटचा ढीग लोटला, वरून रोलर फिरला. पंधरा फुटांची ती कड एवढे दिवस उभी होती. तिचं एक ढेकूळसुद्धा आत पडलं नव्हतं.

रमजानभाई माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "नाही पडली बाई."

"नाही पडली."

"त्या दिवशी पोरं नेली असती तर सुखरूप गेली असती."

"गेली असती," मी म्हणाले.

बेडसे थोडे लांब होते. त्यांनी ऐकलं असावं. ते जवळ येऊन म्हणाले, "बाई, मी त्या दिवशी इथे असतो तर मीसुद्धा फळी बंदच केली असती." ते चांगल्या मनाने बोलले. पण ते तिथे नव्हते, आणि त्यांनी काय केलं असतं हे त्यांना तरी कुठून कळणार. मी त्यांचे आभार मानले.

विलीनीकरणाचं पत्र फेब्रुवारीत आलं. जूनपासून शाळा क्रमांक नऊ बंद. अलीकडची मुलं चार नंबरला, भोईवाड्याची तीन नंबरला, इंगळे सर एका खेड्यावर आणि मी पालिकेच्या कार्यालयात, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना. त्याला आता पंधरा वर्षं होतील. हर्षाली मला बाजारात भेटते. तिचं लग्न झालंय, तिला मुलगा आहे. राधाबाई अजूनही मान वळवून जातात.

पण ते सगळं नंतरचं. पत्रे निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात उभी होते. दहा वाजता कासार गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. अकरा मुलं नव्या मातीवरून पळत येत होती. कोणी कोणासाठी थांबलं नव्हतं, कोणी माझी वाट पाहिली नव्हती. मी दारातच मोजली आणि आत जाऊन हजेरी घेतली. तेवीस.

त्यानंतर एप्रिलच्या शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या वर्गात एकही मूल आपणहून गैरहजर राहिलं नाही. गोवर आला तेव्हासुद्धा त्यांना घरी थांबवायला मला भोईवाड्यात जावं लागलं. मोजायला मात्र पुन्हा कोणी आलं नाही.